फोटोमागची नावं: गिरणगावातल्या एका वाचनालयाचा प्रकरण अभ्यास

आमचं वाचनालय लालबाग आणि परळच्या मधल्या एका गल्लीत, तळमजल्यावर आहे. पुढे वर्तमानपत्रांचं मुक्तद्वार, त्यामागे देवघेवीचं काउंटर आणि मग कपाटांच्या रांगा. मी इथे ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं आणि सभासदांचं नाव देत नाही, कारण या लेखात आमच्या चुका आहेत आणि काही सभासदांच्या घरच्या आठवणीही आहेत.

आमची अडचण समजून घ्यायची तर सभासदांची नोंदवही उघडावी लागेल. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं राहिलं नाही. आधी भोंगे थांबले, मग चाळी पुनर्विकासाला गेल्या. नोंदवहीत पत्त्यांच्या रकान्यात जुना पत्ता खोडून बाजूला नवा लिहिलेला दिसतो: डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, पनवेल. काहींनी दोनदा-तीनदा घरं बदलली, तेव्हा खोडाखोडही दोन-तीन थरांची. तरीही यातले बरेचजण वर्गणी भरत राहिले. वर्षातून एकदा, बहुतेक गणपतीत, लालबागला येणं झालं की वाचनालयात डोकवायचे, वर्गणी द्यायचे, आणि पुस्तक न घेताच जायचे. परत करायला पुन्हा कधी येणार?

म्हणजे वाचक होते, वर्गणी होती, पुस्तकंही होती. मध्ये दीड-दोन तासांची लोकल होती.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि आमच्या दारालाही कुलूप लागलं. त्याच आठवड्यात कार्यवाहांनी सभासदांचा व्हॉट्सॲप गट काढला. हेतू साधा होता: लोकांची ख्यालीखुशाली कळावी आणि घरात बसून वाचण्यासारखं काही सुचवावं. सुरुवातीचे महिने गट खरोखर उपयोगी पडला. कोणाला औषधं हवी होती, कोणाला बातमी खरी की खोटी हे विचारायचं होतं. मग ऑक्टोबरमध्ये राज्यातली ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली, आम्ही कुलूप काढलं, आणि गट हळूहळू भलतीकडे गेला. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी आरोग्याचे उपाय, रात्री राजकारण. वाचनालयाची एखादी सूचना टाकली की ती दहा मिनिटांत वर सरकून दिसेनाशी व्हायची. मी आठवड्याला नवीन पुस्तकांची यादी टाकायचे. त्या यादीवर हात जोडल्याची चिन्हं यायची, पुस्तकाची मागणी मात्र एकही येत नसे.

याच काळात एक वाईट गोष्ट घडली. गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. एका तरुण सभासद मुलीने एका कादंबरीबद्दल दोन ओळी लिहिल्या, आणि गटातल्याच एकाने तिला खाजगीत संदेश पाठवायला सुरुवात केली. तिने मला काउंटरवर येऊन फोन दाखवला. त्या माणसाला आम्ही काढलं, समितीपुढे बोलावलं, पण मुलीने गट सोडला तो सोडलाच. तिचं म्हणणं मला आजही बोचतं: "ताई, मी वाचनालयाला नंबर दिला होता, लोकांना नाही दिला." तिचं बरोबर होतं. सभासदत्वाच्या अर्जावरचा नंबर पुस्तकाची मुदत कळवण्यासाठी घेतलेला असतो. तो न विचारता शेकडो लोकांसमोर मांडण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. वैयक्तिक माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी हे तत्त्व आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही आहे. आम्हाला ते कायद्याआधीच कळायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही रचना बदलली. सूचनांसाठी कम्युनिटीचा घोषणा गट केला. तिथे फक्त आम्ही लिहितो आणि सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. चर्चेचा गट वेगळा ठेवला आणि त्यात ज्याने लेखी होकार दिला त्यालाच घेतलं. संख्या एकदम खाली आली. समितीत काहींना ते रुचलं नाही. मला मात्र पहिल्यांदा वाटलं की आता इथे बोलता येईल.

खरं वळण आणलं एका फोटोने.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आधी आम्ही मागचं लोखंडी कपाट रिकामं करत होतो, कारण त्या भिंतीला दरवर्षी ओल येते. तळाशी जुन्या इतिवृत्तांच्या वह्यांखाली एक खाकी पाकीट सापडलं. त्यात एक कृष्णधवल फोटो होता. आमच्याच दारासमोर, रस्त्याच्या कडेला दोन रांगांत उभी असलेली माणसं. पुढच्या रांगेत काहीजण बाकावर बसलेले, कोणाच्या डोक्यावर गांधी टोपी, कोणाची मांडी घातलेली, एकाच्या हातात मिटलेली छत्री. मागे एका हॉटेलची पाटी अर्धवट, भिंतीवर रंगवलेली अक्षरं अर्धवट. फोटोच्या पाठीवर काहीही लिहिलेलं नव्हतं. नावं, साल, निमित्त, काहीच नाही.

जुन्या सभासदांपैकी जे कोणी जवळपास राहतात त्यांना दाखवला. कोणी ओळखेना. तेव्हा तो चर्चेच्या गटात टाकला आणि खाली एवढंच लिहिलं: "हा फोटो कधीचा असेल? कशावरून?"

त्या "कशावरून" ने सगळं बदललं असं मला वाटतं. नुसतं "ओळखा पाहू" विचारलं असतं तर अंदाजांचा पाऊस पडला असता. पहिला अडथळा तांत्रिक होता. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं, त्यामुळे पाटीवरची अक्षरं पुसट झाली होती. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतला आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. आता लोकांना बोटांनी फोटो मोठा करून कोपरे बघता येऊ लागले.

पहिलं उत्तर डोंबिवलीहून आलं, बेस्टमधून निवृत्त झालेल्या एका काकांचं. "रस्त्यावर ट्रामचे रूळ दिसतायत. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, बोरीबंदर ते दादर शेवटची गाडी. म्हणजे फोटो त्याआधीचा." लगेच दुसऱ्याने हरकत घेतली: ट्राम बंद झाली म्हणून रूळ त्याच रात्री उखडले नव्हते, बऱ्याच ठिकाणी ते तसेच रस्त्यात राहिले, त्यामुळे रुळांवरून काही सिद्ध होत नाही. काकांनी अर्धा तास घेतला. मग लिहिलं, "बरोबर आहे तुमचं. पण वर बघा. डोक्यावर तार आहे. गाडी बंद झाल्यावर तार कशाला ठेवतील?" फोटोच्या वरच्या कडेला एक बारीक रेघ होती. मी ती ओरखडा समजले होते.

मग भिंतीवरच्या अक्षरांकडे लक्ष गेलं. "...लाच पाहिजे" एवढंच दिसत होतं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला पुढचं-मागचं सांगावं लागत नाही. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना फेब्रुवारी १९५६ ची आणि महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चं. पनवेलच्या एका मावशींनी लिहिलं की भिंतीवरचा रंग ताजा दिसतो, राज्य झाल्यावर कोणी ती घोषणा नव्याने रंगवली नसती. यावरही वाद झाला, कारण काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग ताजा की जुना हे कसं ठरवणार?

रात्री अकराच्या सुमाराला हॉटेलच्या पाटीवर एका कॉलेजच्या मुलाची नजर गेली. एका माणसाच्या खांद्यामागे पाटीचा तुकडा होता. किमतीचा आकडा झाकलेला, पण त्यानंतरची दोन अक्षरं स्वच्छ: न. पै. मुलाने विचारलं, "न. पै. म्हणजे काय?" आणि गटातले सगळे म्हातारे एकदम जागे झाले. नवे पैसे! दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. जुन्या रुपयाचे चौसष्ट पैसे होत, नव्याचे शंभर. गोंधळ होऊ नये म्हणून काही वर्षं "नवे पैसे" म्हणायचे आणि १९६४ मध्ये "नवे" गळालं. त्या रात्री गटात आणे-पैचे हिशेब, चार आण्याचे पंचवीस नवे पैसे, दुकानदार एका पैशासाठी कशी घासाघीस करायचे, हे सगळं आलं. त्या मुलाने प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारला आणि प्रत्येकाने उत्तर दिलं.

तर फोटो एप्रिल १९५७ नंतरचा आणि मार्च १९६४ च्या आधीचा हे निश्चित झालं. भिंतीवरची घोषणा धरली तर बहुधा १९६० च्या आधीचा. मी इतिवृत्ताच्या त्या वर्षांच्या वह्या काढल्या. फोटोचा थेट उल्लेख मिळाला नाही. पण त्या काळात कोण कोण समितीवर होतं त्यांची नावं मिळाली, आणि ती यादी मी गटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदलापूरहून फोन आला. संदेश नाही, फोन. एक बाई रडत होत्या. पुढच्या रांगेत छत्री धरलेले त्यांचे सासरे होते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा सासरे गेलेले होते, घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. ओळखलं कशावरून? नवऱ्याने ओळखलं. छत्री उजव्या हाताच्या कोपरावर अडकवून दोन बोटं मुठीवर ठेवायची सवय त्यांच्या वडिलांची होती, असं ते म्हणाले.

इथे कोणीही थांबला असता. मलाही थांबावंसं वाटलं. पण दुपारी नालासोपाऱ्याच्या एका कुटुंबाने त्याच माणसावर हक्क सांगितला. त्यांच्या मते ते त्यांचे आजोबा. त्यांच्याकडे एक लग्नाचा फोटो होता, तो त्यांनी पाठवला. साम्य होतं, पण खात्री पटेल इतकं नव्हतं.

गटात दोन्ही बाजूंचे नातेवाईक बोलू लागले, आवाज चढायला लागला. मी चर्चा तिथे थांबवली आणि दोन्ही कुटुंबांशी वेगवेगळं फोनवर बोलले. दोघांनाही सांगितलं की आम्ही दोन्ही म्हणणी नोंदवणार आहोत. एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं ठरवणं आमचं काम नाही. कोणी काय सांगितलं, कधी सांगितलं आणि कशावरून सांगितलं हे टिकवणं आमचं काम आहे.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढचं. गटात आलेलं ज्ञान गटात राहिलं तर ते हरवतं. फोन बदलला, बॅकअप घेतला नाही, जागा भरली म्हणून जुने संदेश पुसले, की ट्रामच्या तारेचा मुद्दा गेला, न. पै. गेले, छत्रीची दोन बोटंही गेली. फेसबुकवर टाकलेली पोस्ट नंतर शोधायची म्हटली तरी हाताला लागत नाही. ही साधनं माणसांना बोलतं करायला फार चांगली आहेत, पण ती लक्षात ठेवत नाहीत. लक्षात ठेवण्याचं काम ग्रंथालयाचं आहे आणि ते आपण फोनवर सोपवू शकत नाही.

म्हणून एक जाड वही घातली. रकाने पाच: वस्तूचा क्रमांक, विचारलेला प्रश्न, मिळालेली माहिती, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख, कशावरून. फोटोला दाखल क्रमांक दिला आणि तो मागे मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने लिहिला. बॉलपेन जुन्या फोटोवर चालवायचा नाही, दाबाची खूण पुढच्या बाजूला उमटते आणि शाई झिरपते. लॅमिनेशनचा आग्रह समितीतल्या एकाने धरला होता, तोही मी मानला नाही, कारण एकदा प्लास्टिक चिकटवलं की परत काढता येत नाही. छत्रीवाल्या माणसाच्या नोंदीत दोन्ही कुटुंबांची म्हणणी एकाखाली एक आहेत.

लोकांकडून अशी माहिती घेण्याचा प्रयोग मोठ्या ग्रंथालयांनी आधीच केलेला आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपले सुमारे तीन हजार जुने फोटो फ्लिकर या संकेतस्थळावर ठेवले आणि लोकांना त्यावर लिहायला सांगितलं. लोकांनी ठिकाणं, माणसं, गाड्यांचे प्रकार ओळखले आणि तपासलेली माहिती ग्रंथालयाने आपल्या तालिकेत घेतली. ग्रंथालयांसाठीच्या कोहासारख्या मुक्त संगणक प्रणालीतही वाचकाला पुस्तकाच्या नोंदीखाली टिपण लिहिता येतं आणि ग्रंथपालाने मंजूर केल्यावर ते सगळ्यांना दिसतं. तत्त्व एकच: दार उघडं ठेवायचं, पण आत आलेलं तपासून, नाव लावून जागेवर ठेवायचं. आमच्याकडे ते वहीत होतं एवढाच फरक.

फोटोनंतर गटाचा स्वभाव बदलला. लोक प्रश्न विचारू लागले. अमुक विषयावर काय आहे, अमुक दिवाळी अंक आपल्याकडे आहे का, आजी सांगायची ती गोष्ट कुठल्या पुस्तकात असेल. दिवाळी अंकांचं तर वेगळंच आहे. मराठीत ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' पासूनची, आणि आमच्याकडे जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत ज्यांची तालिका कधी झालीच नव्हती. आता एक सभासद दर शनिवारी येऊन एका अंकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो गटात टाकतो आणि वहीत लेखकांची नावं उतरवतो. कोणाला आपल्या वडिलांची छापून आलेली कविता सापडते, कोणाला हवा असलेला लेख.

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ज्या अंकाला तीस-चाळीस वर्षं कोणी हात लावला नव्हता त्याच्यासाठी बदलापूरहून मागणी आली, तेव्हा ते मला कळलं.

मागणी आली तर पुस्तक पोचवायचं कसं? हे उत्तरही गटातूनच आलं. परळला नोकरीला येणारा एक सभासद डोंबिवलीला राहतो. तो आठवड्यातून दोनदा संध्याकाळी वाचनालयात येतो, कापडी पिशवीत पुस्तकं भरतो आणि करी रोडहून गाडी पकडतो. डोंबिवलीत त्याच्या सोसायटीच्या खाली ठरलेल्या वेळी वाचक येतात. पश्चिम रेल्वेच्या बाजूला, लोअर परळहून, दुसरी एक सभासद तेच करते. पिशवीत एक छोटी वही असते, तिच्यावर वाचकाची सही घ्यायची आणि जुनं पुस्तक परत आणायचं. पुस्तक हरवलं तर जबाबदारी कोणाची यावर समितीत दोन बैठका गेल्या. शेवटी अनामत वाढवून प्रश्न सुटला. पावसात गाड्या बंद पडल्या तर पिशवी जिथे असेल तिथे राहते आणि गटात तसं कळवतात.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली. एका उत्साही सभासदाने काउंटरवरून नेलेली एक कादंबरी मोबाइलवर पानन् पान स्कॅन करून गटात पीडीएफ म्हणून टाकली. लोकांनी आभार मानले. लेखक हयात होते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, इथे तर तो काळ सुरूही झाला नव्हता. पीडीएफ मी काढायला लावली, पण तोवर ती किती फोनांत गेली कोण जाणे. त्या सभासदाचा हेतू चांगला होता, लांबच्या वाचकाला पुस्तक मिळावं एवढाच. पण मराठी पुस्तकाची आवृत्ती किती लहान असते आणि लेखकाला त्यातून काय मिळतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे चालवून घेता येत नाही. आता गटाच्या माहितीत पहिलीच ओळ आहे: पुस्तकाची पानं टाकू नका, पुस्तकाबद्दल लिहा. अनुक्रमणिका किंवा मुखपृष्ठ दाखवलं तर पुस्तकापर्यंत वाट मिळते, तेवढं पुरे.

फेसबुकचं पान आणि यूट्यूब वाहिनी आम्ही काढली होती, दोन्ही चालली नाहीत. कार्यक्रमांचं चित्रीकरण टाकायचो, मोजकेजण बघायचे. चांगल्या ध्वनीसाठी लागणारा माणूस आणि वेळ आमच्याकडे नव्हता. पान आता फक्त पत्ता आणि वेळा कळवायला आहे.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय? मुक्तद्वारात सकाळी येणाऱ्या आजोबांपैकी निम्म्यांकडे साधे फोन आहेत, आणि खरी माहिती बहुतेक त्यांच्याचकडे असते. त्यासाठी दाराशी फळा लावला. गटात आठवड्याचा जो प्रश्न असेल तो फळ्यावर खडूने लिहितो. उत्तर सांगायला आजोबा काउंटरवर येतात, मी ते त्यांच्या नावासकट गटात टाकते. गटातलं उत्तर संध्याकाळी फळ्यावर येतं. एका आजोबांनी फळ्यासमोर उभं राहून मला दटावलं होतं, "हे लिहिलंय ते चुकीचं आहे, पुसा." पुसलं नाही, खाली त्यांचं म्हणणं लिहिलं.

या सगळ्याला किती वेळ जातो हे समितीला सांगणं कठीण जातं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली आम्हाला वर्गानुसार अनुदान मिळतं, आणि तपासणीला येणारे ग्रंथसंख्या, सभासद, देवघेव बघतात. रात्री अकरा वाजता कोणी न. पै. चा अर्थ विचारला आणि पाचजणांनी सांगितला, याला तिथे रकाना नाही. मी गटासाठी रोज सायंकाळी पाऊण तास ठरवला आहे. त्या वेळेबाहेर उत्तर देत नाही, आणि हे गटाच्या माहितीत लिहिलेलं आहे. सुरुवातीला लोक रागावले, आता त्याच वेळी प्रश्न विचारतात.

फोटो सध्या आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या बाजूच्या कपाटात आहे. मागच्या रांगेतल्या डावीकडच्या दोघांची नावं अजून मिळालेली नाहीत. वहीत त्यांच्यासमोरची जागा मोकळी ठेवली आहे. गणपतीत जुने सभासद लालबागला येतील तेव्हा मोठी प्रत काउंटरवर लावणार आहोत, आणि नालासोपारा व बदलापूरची दोन्ही कुटुंबं त्या दिवशी येतो म्हणाली आहेत.